पेश्टिगो: त्याच रात्रीची दुसरी आग

अमेरिकेतल्या शिकागो शहराला १८७१ मध्ये लागलेली मोठी आग अनेकांना माहीत असते, त्या विषयात ही भर. ८ ऑक्टोबरच्या त्याच रात्री विस्कॉन्सिन राज्यातलं पेश्टिगो गाव बेचिराख झालं. शिकागोत सुमारे ३०० माणसं गेली. पेश्टिगो आणि आसपासच्या वस्त्यांत किमान १,२००. अमेरिकेच्या इतिहासात एवढे बळी दुसऱ्या कुठल्याच वणव्याने घेतलेले नाहीत, तरी तो फारसा कुणाला माहीत नसतो याचं मला फार वाईट वाटतं.

त्या वर्षी पाऊस जवळपास नव्हताच. शेती आणि रेल्वेसाठी जंगल तोडून फांद्या जाळणं चालू होतं. गाव लाकूड कापण्यावर जगणारं: घरं लाकडाची, पायवाटा फळ्यांच्या, रस्त्यांवर भुसा. त्यात सोसाट्याचा वारा सुटला. लोकांनी नदीत उड्या घेतल्या. यातून वाचलेले तिथले धर्मगुरू फादर पीटर पर्निन यांनी लिहून ठेवलंय की पाण्याबाहेर राहिलेलं डोकंही सतत भिजवत राहावं लागत होतं. सुमारे ३५० मृतांची ओळख पटवायलाच कुणी उरलं नव्हतं. त्यांना एकत्र पुरलं.

तारायंत्राच्या तारा जळाल्यामुळे बातमी राज्याची राजधानी मॅडिसनला उशिरा पोचली. तोवर गव्हर्नर फेअरचाइल्ड शिकागोच्या मदतीला गेले होते. मग त्यांच्या पत्नी फ्रान्सेस यांनीच सूत्रं हाती घेतली आणि शिकागोसाठी भरलेला रेल्वेचा मदतीचा डबा पेश्टिगोच्या दिशेने वळवला. कुठलंही पद नसताना घेतलेला हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.