शत्रूने पाठवलेला तांदूळ घ्यावा का? (कोरिया १९८४ आणि त्यानंतर)

खारीबिस्कीट

कोरियन सिरियल बघता बघता त्यांच्या इतिहासात शिरलो आणि आता बाहेर पडता येत नाहीये. एक प्रसंग वाचला तो काही केल्या डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढतोय, जाणकारांनी लिहा.

१९८४ च्या ऑगस्टअखेर-सप्टेंबरच्या सुरुवातीला दक्षिण कोरियात, सोल आणि आसपास, प्रचंड पूर आला. दीडशेच्या वर माणसं गेली, दोन लाखांच्या वर बेघर झाली. ८ सप्टेंबरला उत्तर कोरियाच्या रेड क्रॉसने जाहीर केलं की आम्ही दक्षिणेतल्या पूरग्रस्त बांधवांना मदत पाठवतो: साधारण ७,२०० टन तांदूळ, ५ लाख मीटर कापड, १ लाख टन सिमेंट आणि औषधं. आणि १४ तारखेला दक्षिणेने चक्क हो म्हटलं!

आता गंमत बघा. अकरा महिनेच झाले होते, ९ ऑक्टोबर १९८३ ला बर्माच्या तेव्हाच्या राजधानीत, रंगूनमध्ये, उत्तर कोरियाच्या एजंटांनी बॉम्ब उडवला होता, त्यात २१ माणसं मेली, दक्षिणेचे चार मंत्री गेले आणि राष्ट्राध्यक्ष चुन दू-ह्वान यायला जरा उशीर झाला म्हणून वाचले. म्हणजे ज्यांनी तुम्हाला मारायचा प्रयत्न केला त्यांच्याकडून तुम्ही तांदूळ घेताय, आणि तेही तुमच्याकडे पैसा त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त असताना. का?? मला तर पहिल्यांदा वाटलं वेबसाइटवाल्याने उलटं छापलंय, उत्तरेला दक्षिणेने दिलं असेल.

---

उंबरा

उलटं नाही, बरोबर आहे. आणि प्रश्न चांगला आहे पण तुम्ही तो घेणाऱ्याच्या बाजूने विचारताय, जरा देणाऱ्याच्या बाजूने बघा म्हणजे उलगडेल.

उत्तरेने दक्षिणेला अशा ऑफर आधीच्या दशकांतही दिल्या होत्या आणि सोलने दर वेळी कानाडोळा केला होता. तो एक ठरलेला खेळ होता, आपण जाहीर करायचं, समोरचा नाही म्हणणार, मग जगाला सांगायचं की बघा आम्ही भावासारखे धावलो आणि ह्यांना आपल्याच लोकांची पडलेली नाही. खर्च शून्य, फायदा पूर्ण. त्यात रंगूननंतर प्योंगयांगची, म्हणजे उत्तरेच्या सरकारची, जगभर छी थू झाली होती, बर्माने तर संबंधच तोडले, त्यामुळे चेहरा धुवायची गरजही होतीच. शिवाय २० ऑगस्टला, म्हणजे पुराच्या थोडंच आधी, चुन साहेबांनी स्वतः जाहीर केलं होतं की आम्ही उत्तरेला वस्तू फुकट द्यायला तयार आहोत. त्याला हे उत्तर होतं, तुम्ही कोण आम्हाला देणार, आम्हीच तुम्हाला देतो.

आणि मग दक्षिण हो म्हणाली. झाली ना पंचाईत! आता एवढं सगळं खरंच गोळा करून पाठवायचं, तेही दोन-तीन आठवड्यांत, आणि ज्या देशाची अर्थव्यवस्था आधीच घसरणीला लागलेली त्याच्या कोठारातून. २९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर ह्या दिवसांत तांदूळ, कापड आणि औषधं सीमेवरच्या पानमुनजोमवरून ट्रकने आली, सिमेंट जहाजाने दक्षिणेच्या इंचन आणि बुकप्योंग बंदरांत उतरलं. कोरियन युद्ध थांबल्यापासून पहिल्यांदाच दोन देशांमध्ये असा माल हलला.

दक्षिणेला तांदळाची गरज नव्हतीच हो. त्यांना गरज होती वातावरण निवळण्याची, कारण ८६ चे एशियन गेम्स आणि ८८ चं ऑलिम्पिक दोन्ही सोलला होणार होतं आणि शेजारी बॉम्ब फोडत असेल तर येणार कोण. आणि नुसतं घेऊन गप्प नाही बसले, माल घेऊन आलेल्या उत्तरेच्या लोकांना परत जाताना भेटवस्तूंनी भरलेल्या बॅगा दिल्या. तुमच्या तांदळाला आमचं हे उत्तर. आहेर घेऊन आलेल्याला त्याच्यापेक्षा भारी परतीचा आहेर देऊन पाठवावं तसं, आणि गावाला दिसेल असं.

---

दुपारची_झोप

सगळं ठीक आहे पण ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना कोणी विचारलं का की बाबांनो ह्या तांदळाचा भात जाईल का घशाखाली? त्या लोकांतले कितीतरी ५० च्या युद्धात उत्तरेतून जीव मुठीत धरून पळून आलेले असणार. आणि तुम्ही लोक बुद्धिबळाच्या चाली मोजताय. दोन्हीकडचे राज्यकर्ते नालायक, एकीकडे घराणेशाही आणि दुसरीकडे चुन म्हणजे ग्वांगजूमध्ये स्वतःच्या लोकांवर लष्कर घालणारा हुकूमशहा. पूर हा दोघांनाही फोटो काढायला मिळालेला चान्स.

---

उंबरा

@दुपारची_झोप, चुनबद्दल शंभर टक्के सहमत. पण फोटोपुरतं म्हणाल तर तसं नाही झालं. त्या तांदळानंतर नोव्हेंबर ८४ मध्ये दोन्ही देशांची आर्थिक बोलणी सुरू झाली, ८५ च्या मे मध्ये रेड क्रॉसची बंद पडलेली बोलणी पुन्हा सुरू झाली आणि सप्टेंबर ८५ मध्ये पहिल्यांदा ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या भेटी झाल्या, दोन्हीकडून पन्नास-पन्नास माणसं गेली सोलला आणि प्योंगयांगला. तुम्ही म्हणताय ते पळून आलेले, त्यांच्यातल्याच काहींना तीस-पस्तीस वर्षांनी आई, भाऊ, बायको दिसली. हेतू कितीही घाणेरडा असू दे, हे झालं. पुढची भेट व्हायला मात्र २००० साल उजाडलं, हेही खरंय.

---

सातारी_कंदी

आपल्याकडे ७२ च्या दुष्काळातली मिलो (अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी) आठवणारी माणसं अजून आहेत. आमची आजी त्या लाल दाण्याच्या भाकरीचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायची. पण धान्यावरून नाक दाबणं बघायचं तर त्याच्या आधीचं, ६५-६६ चं बघा. पाऊस सलग दोन वर्षं दगा देऊन गेला, आपण पीएल ४८० (अमेरिकेचा अन्नमदतीचा कायदा) च्या अमेरिकन गव्हावर आणि तिकडचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन साहेब जहाजं सोडायची की नाही ते महिन्या-महिन्याने ठरवणार. इंदिरा गांधींनी व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीवर टीका केली की तिकडे फाइल अडली. जहाज बंदराला लागलं की इथे चूल पेटणार अशी अवस्था. त्याच चटक्यातून आपण हरितक्रांतीला घाईने भिडलो.

आणि बांगलादेशचं तर त्याहून वाईट. ७४ ला पूर आला, धान्याची टंचाई, आणि अमेरिकेने धान्य अडवलं का तर बांगलादेशाने क्युबाला तागाची पोती विकली म्हणून. पोती! भांडण अमेरिकेचं आणि कॅस्ट्रोचं, उपाशी मेले रंगपूरचे शेतमजूर. सरकारी आकडाच २६-२७ हजारांचा आहे, बाकीचे अंदाज कितीतरी मोठे.

---

खारीबिस्कीट

पोत्यांची गोष्ट माहीतच नव्हती, बाप रे. पण मला वाटतं तुमची उदाहरणं बलवान विरुद्ध गरजू अशी आहेत, तिथे देणारा सरळ सरळ दम देतो. कोरियात दोघंही "आम्हीच खरे कोरिया" म्हणणारे, त्यामुळे तिथे देणं म्हणजेच मोठेपणा आणि घेणं म्हणजेच नाक कापून घेणं. मग नव्वदच्या दशकात उत्तरेत दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी दक्षिणेचा तांदूळ कसा घेतला?

---

उंबरा

नाक झाकून घेतला, अगदी शब्दशः कागदावर लिहून.

जून १९९५, बीजिंगमध्ये करार झाला, दक्षिणेने दीड लाख टन तांदूळ फुकट द्यायचा. त्यात अट होती की तांदूळ ४० किलोच्या पोत्यांत भरायचा आणि पोत्यांवर काहीही छापायचं नाही. म्हणजे खाणाऱ्याला कळता कामा नये की हा आला कुठून. जपानही त्याच वेळी तांदूळ द्यायच्या बेतात होता तर दक्षिणेच्या किम यंग-साम सरकारचा हट्ट की आधी आमचं जहाज पोचलं पाहिजे, जपानचं नंतर. तिकडे भुकेलं कोण, हा विषय नव्हताच, पहिलं कोण हा होता. पहिलं जहाज सुटलं २५ जूनला, म्हणजे बरोबर युद्ध सुरू झाल्याच्या तारखेला, आणि २७ जूनला दक्षिणेत स्थानिक निवडणुका. योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा.

आणि निवडणुकीच्याच दिवशी काय झालं तर उत्तरेच्या चोंगजिन बंदरात त्या जहाजाला जबरदस्तीने उत्तर कोरियाचा झेंडा लावायला लावला. दक्षिणेत आगडोंब उसळला, पुढची जहाजं थांबवली, उत्तरेने माफी मागितल्यावर परत सुरू झाली. ऑगस्टमध्ये अजून एक जहाज अडकवलं कारण एका खलाशाने बंदराचे फोटो काढले. आणि सत्ताधारी पक्ष निवडणुकीत सपाटून आपटला तो आपटलाच, सोलचं महापौरपदसुद्धा गेलं.

ह्या सगळ्या तमाशानंतर, जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेत महापूर आले आणि त्यांनी पहिल्यांदा जगाकडे उघडपणे हात पसरले. पूर हे त्यांना सोयीचं कारण होतं, कारण निसर्गापुढे हात टेकले म्हणता येतं, शेती आणि रेशनची व्यवस्था आधीच कोसळली होती ते सांगावं लागत नाही. त्या दुष्काळात किती मेले ह्याचे अंदाज सहा लाखांपासून वीस-तीस लाखांपर्यंत आहेत.

---

गव्हाचा_दाणा

ह्या पोत्यांवरून आठवलं, अगदी अलीकडचं. तालिबान आल्यावर आपण अफगाणिस्तानला ५०,००० टन गहू द्यायचं ठरवलं, पण रस्ता पाकिस्तानातून. पाकिस्तानने नोव्हेंबर २०२१ मध्ये हो म्हटलं आणि मग भांडण कशावरून, तर ट्रक कोणाचे? भारतीय ट्रक आमच्या रस्त्यावर नकोत, पाकिस्तानी ट्रकमध्ये आमचा गहू नको. शेवटी अफगाण ट्रक आणि अफगाण ड्रायव्हर अटारीला आले आणि २२ फेब्रुवारी २०२२ ला पहिले ५० ट्रक २,५०० टन घेऊन निघाले. तोपर्यंत काबूलचा कडाक्याचा हिवाळा संपत आलेला. आणि आपल्या पोत्यांवर मात्र भारतीय जनतेकडून भेट असं ठळक छापलेलं. छापायलाच पाहिजे होतं असं माझं मत, करदात्याचा पैसा आहे, पण कोरियावाल्या अटी वाचल्यावर लक्षात आलं की आपणही त्याच रांगेत उभे आहोत.

---

दुपारची_झोप

म्हणजे ८४ ला जे झालं ते परत कधी झालंच नाही? देणारा अडकला आणि घेणारा जिंकला?

---

उंबरा

नाही, उलट दोघंही शहाणे झाले. २००२ पासून दक्षिणेने वर्षाला चार-पाच लाख टन तांदूळ दिला पण कागदोपत्री कर्ज म्हणून, १ टक्का व्याज, म्हणजे उत्तरेला भीक घेतल्यासारखं नको आणि दक्षिणेतल्या विरोधकांना फुकट दिलं म्हणायला नको. २००६ ला क्षेपणास्त्रं उडवली की तांदूळ बंद, उत्तरेने रागाने कुटुंबांच्या भेटी बंद, मग पूर आला की पूरमदत म्हणून एक लाख टन परत चालू. २०१० ला उत्तरेतल्या शिनुइजूला पूर आला तेव्हा उत्तरेने स्वतःच यादी दिली, तांदूळ, सिमेंट आणि खोदाईची यंत्रं, दक्षिणेने ५,००० टन तांदूळ आणि ३० लाख नूडल्सचे कप पाठवले, यंत्रं नाही, आणि नोव्हेंबरमध्ये दक्षिणेच्या योनप्योंग बेटावर उत्तरेच्या तोफा चालल्या तसं उरलेलं सिमेंट थांबलं. २०११ ला दक्षिणेने चोकोपाय आणि बाळांचं खाणं देऊ केलं, सिमेंट-तांदूळ नाही, तर उत्तरेने उत्तरच दिलं नाही. कारण दक्षिणेला भीती की तांदूळ आणि सिमेंट लष्कराकडे जाईल, आणि उत्तरेला भीती की चोकोपाय खाऊन पोरं विचारतील हे बनवतं कोण.

२०१९ ला परत ५०,००० टन द्यायचे ठरले, ह्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न कार्यक्रमामार्फत, पोत्यांवर दक्षिण कोरियाचं नाव छापून. तेरा लाख पोती तयारही झाली. तेवढ्यात अमेरिकेबरोबरच्या लष्करी कवायतींवरून उत्तर बिनसली आणि नको म्हणाली. २०२४ च्या जुलैत शिनुइजूला पुन्हा महापूर आला, १ ऑगस्टला दक्षिणेच्या रेड क्रॉसने मदत देऊ केली, तर उत्तरेच्या किम जोंग-उन सरकारने साधा फोनही उचलला नाही, वर दक्षिणेचा मीडिया मृतांचे आकडे फुगवतोय म्हणून शिव्या घातल्या. पुतिननेही विचारलं होतं, त्याला मात्र आभार मानून, गरज पडली तर सांगू म्हटलं.

---

खारीबिस्कीट

त्या तेरा लाख पोत्यांचं पुढे काय झालं कोणाला माहितीय का? छापून झाल्यावर रद्द झाली ना.

---

सातारी_कंदी

ते माहीत नाही पण आमच्याकडे असती तर मार्केट यार्डात त्यात कांदा भरून विकला असता.