दस्तऐवजांमधील आकृत्यांच्या कोडपासून स्थिर चित्रे तयार करण्यासाठी कोणती पद्धत वापरावी?

धागाकर्ता

आमच्या प्रकल्पाचे सर्व तांत्रिक दस्तऐवज मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून लिहिण्याच्या पद्धतीत, आहेत. त्यांतील बहुतेक आकृत्या मर्मेड या मजकुरावरून आकृती काढणाऱ्या साधनाच्या कोडमध्ये लिहिलेल्या आहेत आणि काही जुन्या आकृत्या प्लांटयूएमएल या तशाच दुसऱ्या साधनात आहेत. गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर २०२२ पासून मर्मेडचा कोड थेट आकृतीच्या रूपात दिसतो, त्यामुळे तिथे वाचणाऱ्यांना काहीच अडचण येत नाही. मात्र हेच दस्तऐवज पीडीएफ किंवा वर्ड स्वरूपात पाठवावे लागले की आकृतीच्या जागी बाण आणि कंसांनी भरलेल्या कोडच्या ओळी तशाच उमटतात. स्क्रीनशॉट काढून चिकटवण्याचा मार्ग मला नको आहे, कारण कोड बदलतो आणि चित्र जुनेच राहते. मूळ कोड दस्तऐवजातच राहावा आणि चित्रे दर वेळी आपोआप तयार व्हावीत, अशी अपेक्षा आहे. आकृत्यांमधील मजकूर मराठीत असून काही दस्तऐवज गोपनीय आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मर्मेडपुरते बोलायचे तर त्यांचे स्वतःचे कमांड लाइन साधन (आज्ञा टाइप करून चालवायचे), म्हणजे एमएमडीसी, सर्वांत आधी वापरून पाहावे. या साधनाला सुटी आकृतीच द्यावी लागते असे नाही. संपूर्ण मार्कडाउन फाइल दिली तर ते तिच्यातील प्रत्येक मर्मेड कोडचे चित्र बनवते आणि कोडच्या जागी त्या चित्राचा दुवा असलेली नवी मार्कडाउन फाइल लिहून देते. मूळ फाइलला धक्का लागत नाही, त्यामुळे आपली पहिली अट पूर्ण होते. आकृतीच्या कोडमध्येच वर्णनाची ओळ लिहिलेली असेल, तर ते वर्णन चित्राचा पर्यायी मजकूर म्हणून जोडले जाते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी हे फार मोलाचे आहे, तेव्हा ती ओळ आवर्जून लिहावी.

हे साधन आतून क्रोमियम ब्राउझर चालवते, हे मात्र लक्षात ठेवावे. त्यामुळे त्याची स्थापना जड होते आणि कंटेनरमध्ये (प्रोग्राम चालवण्याच्या वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, वापरकर्त्याने चालवल्यास ब्राउझर सँडबॉक्सची, म्हणजे त्याच्या सुरक्षा-कुंपणाची, तक्रार करून बंद पडतो. कंटेनरमध्ये वेगळा साधा वापरकर्ता तयार करणे हा त्यावरचा योग्य उपाय होय. सँडबॉक्स बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण कोड बाहेरच्या लोकांकडून येत असेल तर तो मानू नये.

प्रतिसाद २

वरील सल्ला योग्य आहे, परंतु त्यात एक अडचण आहे. एमएमडीसी चित्रांना क्रमाने नावे देते, म्हणजे फाइलच्या नावापुढे १, २, ३ असे आकडे लागतात. दस्तऐवजाच्या मध्यभागी एक नवी आकृती घातली की तिच्यापुढच्या सगळ्या चित्रांची नावे सरकतात आणि चित्रे रेपॉझिटरीत (प्रकल्पाच्या फाइलींच्या भांडारात) ठेवली असतील तर बदल पाहणाऱ्याला एका आकृतीऐवजी अनेक आकृत्या बदललेल्या दिसतात. म्हणून चित्राचे नाव कोडच्या हॅशवरून, म्हणजे कोडवरून गणिताने काढलेल्या ठशावरून, ठरवावे. कोड तोच असेल तर नाव तेच राहते, चित्र पुन्हा काढावे लागत नाही आणि बिल्डचा, म्हणजे दस्तऐवज आपोआप तयार होण्याचा, वेळही वाचतो.

आपले अंतिम उत्पादन पीडीएफ आणि वर्ड आहे, म्हणजे बहुधा पॅनडॉक हे दस्तऐवजांचे स्वरूप बदलणारे साधन वापरात असणारच. तसे असल्यास त्याचा आकृत्यांसाठीचा लुआ फिल्टर (लुआ भाषेत लिहिलेली जोडणी) वापरावा, अशी माझी शिफारस आहे. मर्मेड, प्लांटयूएमएल आणि ग्राफविझ (आणखी एक आकृती-साधन) हे तिन्ही प्रकार तो एकाच ठिकाणी हाताळतो. प्रत्येक प्रकाराचे मूळ साधन मात्र संगणकावर असावे लागते.

प्रतिसाद ३

अनेक प्रकारच्या आकृत्या असतील तर क्रोकी या आकृत्या काढून देणाऱ्या सेवेचाही विचार करावा. आकृतीचा कोड एचटीटीपीने पाठवला की उत्तरादाखल चित्र मिळते, त्यामुळे लेखकांना आपापल्या संगणकावर काहीच बसवावे लागत नाही. गोपनीय दस्तऐवजांसाठी मात्र सार्वजनिक सर्व्हर मुळीच वापरू नये. दुव्यात दिसणारी अक्षरांची लांबलचक माळ म्हणजे केवळ दाबून बसवलेला मूळ कोड असतो, आणि तो कोणालाही उलगडता येतो. क्रोकी स्वतःच्या सर्व्हरवर डॉकरमध्ये (कंटेनर चालवण्याच्या साधनात) चालवता येते, तीच वाट आपल्यासाठी योग्य ठरेल.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. एमएमडीसी चालवून पाहिले. एसव्हीजी (रेषांच्या वर्णनावरून बनणारे) चित्र ब्राउझरमध्ये व्यवस्थित दिसते, पण तेच इंकस्केप या चित्र-संपादकात उघडल्यावर चौकटी आणि बाण दिसतात, आतला मजकूर मात्र पूर्ण नाहीसा होतो. शिवाय बिल्ड सर्व्हरवर तयार झालेल्या पीएनजीमध्ये (ठिपक्यांनी बनलेल्या चित्रात) मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. ही दोन्ही लक्षणे एकाच कारणाची आहेत का?

प्रतिसाद २

दोन्हींची कारणे वेगळी आहेत. मर्मेड प्रवाह-आकृतीतील लेबले एसव्हीजीच्या आत एचटीएमएलच्या रूपात बसवते. ब्राउझरला एचटीएमएल कळते, पण इंकस्केपला आणि पीडीएफ बनवताना पॅनडॉक ज्या रूपांतरकाचा आधार घेतो त्यालाही ते दाखवता येत नाही, म्हणून मजकूर गळतो. कॉन्फिगरेशनमध्ये एचटीएमएल लेबले बंद केली की साधा एसव्हीजी मजकूर मिळतो. छपाईच्या पीडीएफसाठी याहून चांगला मार्ग म्हणजे एमएमडीसीकडून चित्रच पीडीएफ स्वरूपात, आकृतीच्या मापाचे, काढून घेणे. त्यात रेषा धारदार राहतात आणि फॉन्टही आतच बसवले जातात. वर्डसाठी पीएनजी घ्यावे, पण मोजपट्टी (चित्राचा आकारगुणक) तिप्पट ठेवावी, नाहीतर छापल्यावर अक्षरे पुसट दिसतात.

रिकामे चौकोन येतात याचा अर्थ त्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नाही. नोटो सॅन्स देवनागरी कंटेनरच्या इमेजमध्येच बसवावा. प्लांटयूएमएलच्या जुन्या आकृत्यांसाठीही तोच फॉन्ट ठरवून द्यावा, कारण त्याच्या एसव्हीजीमध्ये प्रत्येक शब्दाची रुंदी आधीच मोजून लिहिलेली असते आणि वाचणाऱ्याकडे वेगळा फॉन्ट असल्यास अक्षरे ताणली किंवा आवळली जातात. त्या आकृत्या पीएनजीमध्ये काढणार असाल तर आणखी एक गोष्ट सांगतो: प्लांटयूएमएल मूलतः ४०९६ पिक्सेलवर चित्र कापते, तेव्हा मोठ्या आकृत्यांसाठी ही मर्यादा पर्यावरण चलातून (प्रणालीत ठरवून देता येणाऱ्या मूल्यातून) वाढवून घ्यावी.