एनबीए रिन्यूअल : जुन्या बॅचचं ॲटेनमेंट पुन्हा काढायचं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी एका संलग्न इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवते. आमच्या कोर्सला मागच्या वेळी एनबीएची (तांत्रिक अभ्यासक्रमांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) तीन वर्षांची मान्यता मिळाली होती, ती येत्या जूनमध्ये संपते. दिवाळीनंतर कोऑर्डिनेटरचं काम माझ्याकडे आलं. आधीचे सर नोकरी सोडून गेलेत. नॅकचं काम मी पूर्वी केलंय, पण तिथे अख्ख्या कॉलेजचं मूल्यमापन होतं. इथे एकेक कोर्स तपासला जातो, आणि आता रिन्यूअलसाठी प्री-क्वालिफायर (सुरुवातीची पात्रतेची माहिती), सॅर (स्वमूल्यमापन अहवाल), व्हिजिट या सगळ्याची तयारी करायची आहे.

अडलंय ते सीओ-पीओ ॲटेनमेंटवर, म्हणजे एकेका विषयाची (सीओ) आणि पूर्ण कोर्सची (पीओ) अपेक्षित फलितं मुलांनी किती गाठली याच्या हिशेबावर. २०१५ च्या टियर २ (विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठीच्या) नमुन्यात या एका निकषाला १००० पैकी १२० गुण होते. त्यात इतर अटींबरोबर तीन वर्षांच्या मान्यतेला ६०० आणि सहा वर्षांच्या मान्यतेला ७५० लागायचे, म्हणजे इथे ढिलाई परवडत नाही. काल कपाटातून एकेका विषयाच्या जुन्या फाइल्स काढल्या. थर्मोडायनॅमिक्सच्या एक्सेलमध्ये सीओ ३ समोर २.१४ लिहिलंय. सेलवर क्लिक केलं तर फॉर्म्युला नाही, नुसता आकडा चिकटवलेला. इंटर्नलच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सापडला, पण त्या वर्षीची प्रश्नवार गुणांची शीट नाही. विद्यापीठाच्या पेपरचे तर आम्हाला एकूण गुणच मिळतात, कोणत्या प्रश्नाला किती ते कळत नाही.

त्यात आता पीओ १२ चे ११ झाले. 'अभियंता आणि समाज' आणि 'पर्यावरण व शाश्वतता' हे दोन एकत्र आले. जुन्या बॅचचं मॅपिंग १२ वर आहे, नव्याचं ११ वर. मग तीन वर्षांची तुलना मांडायची कशी?

विभागात एक सूचना अशी आली की जुन्या शीट्स नव्याने बनवून टाकाव्यात, २.१४ ला पोचणारे गुण भरावेत. मला हे मुळीच पटत नाही. ज्या मुलांनी ते पेपर लिहिले त्यांचे खरे गुण गठ्ठ्यात आहेत. पण वेळ थोडा आहे, आणि माझ्या नकारामुळे विभागाचं नुकसान होईल का, ही धास्तीही आहे. ज्यांनी रिन्यूअल पार पाडलंय त्यांनी कृपया सांगा.

उत्तर :
मॅडम, तुमचं बरोबर आहे, मागे हटू नका. आमच्या व्हिजिटला प्रत्येक कोर्ससाठी दोन तज्ज्ञ होते. त्यातल्या एकांनी एक विषय निवडला, एका मुलाची उत्तरपत्रिका हातात घेतली आणि तिथून शीट, शीटवरून सीओ, सीओवरून पीओ असा माग काढत गेले. बनवलेली शीट तिथेच उघडी पडली असती. तुमच्याकडे गठ्ठा आहे, हे फार मोठं भांडवल आहे. दोन लॅब असिस्टंट घेऊन प्रश्नवार गुण एक्सेलमध्ये चढवा. साठ मुलांचा एक विषय आमच्याकडे एका दुपारी झाला होता. २.१४ च्या जागी १.८ आलं तर १.८ च लिहा. टार्गेट का गाठलं नाही आणि पुढच्या वर्षी काय केलं, हे मांडायला सतत सुधारणेचा निकष आहेच. जास्तीच्या ट्यूटोरियलची हजेरी सापडली तर तीही जोडा.

पीओंचं म्हणाल तर आम्ही जुन्या बॅचेस १२ वरच ठेवल्या आणि कुठला जुना पीओ कुठल्या नव्यात गेला याचा एक तक्ता पुढे लावला. तुम्ही मात्र एनबीएला ईमेल करून लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावून ठेवा.

मूळ लेखिका :
सर, मनापासून आभार. आजच एचओडींना गठ्ठा दाखवला. सोमवारपासून थर्मोडायनॅमिक्सने सुरुवात करतोय, ईमेलही पाठवलाय. एकच विचारायचं राहिलं : काही मुलांच्या उत्तरपत्रिका गठ्ठ्यातच नाहीत. त्यांना वगळून टक्केवारी काढली आणि तशी टीप खाली दिली, तर चालेल ना?