बोका सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतोय आणि गादीवर शू करतोय – मदत हवी आहे

ठाणेकरीण | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार. बंड्या, ४ वर्षांचा, नसबंदी केलेला बोका, वजन ५.६ किलो, पूर्ण घरातला. रविवारपासून दिवसातून दहा-बारा वेळा लिटर बॉक्समध्ये (शी-शूसाठी दाणे भरलेल्या ट्रेमध्ये) जाऊन बसतो, उकरतो, बाहेर येतो. शूमुळे लिटरचे आधी मुठीएवढे ओले गोळे निघायचे, आता सुपारीएवढे निघतात. काल आणि आज दोनदा गादीवर आणि एकदा पायपुसण्यावर शू केली. खाणं थोडं कमी झालंय.

खाणं फक्त कोरडं, दिवसाला ७० ग्रॅम. तीन आठवड्यांपूर्वी घरात तीन महिन्यांचं पिल्लू (चिंगी) आणलंय. लिटर बॉक्स एकच, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी. वास येतो म्हणून मागच्या आठवड्यात लॅव्हेंडरवालं लिटर आणलं. लादी फिनाईलने पुसतो.

चिंगी आल्याचा राग काढतोय असं घरच्यांचं मत आहे. लिटर परत बदलू का? गादीचा वास कसा घालवू?

मांजरवेडी | ९:१८

लिटर आणि गादी उद्या. बोका आहे, म्हणून आधी दोन गोष्टींची उत्तरं द्या: शेवटचा सुपारीएवढा का होईना, ओला गोळा किती वाजता सापडला? आणि बसल्यावर कण्हतो, ओरडतो किंवा सारखं खालचं अंग चाटतो का?

पशुवैद्य_निवृत्त | ९:३१

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि टोकाशी अतिशय अरुंद असतो. बारीक खडे, चिकट गाळ किंवा नुसती सूज एवढ्यावरही तो तुंबतो. पूर्ण तुंबला की मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एका दिवसात प्राणी गंभीर होतो, दोन-तीन दिवसांत दगावतो. मांजरीचा मार्ग रुंद आणि आखूड असल्याने तिच्यात हे फार कमी दिसतं.

आत्ता करायचं ते असं. बंड्याला बाथरूममध्ये एकट्याला ठेवा. ट्रे स्वच्छ धुऊन रिकामा ठेवा किंवा तळाशी मत्स्यालयातले धुतलेले खडे पसरा. शू शोषली जाणार नाही, म्हणजे नेमकी किती होते ते दिसेल आणि नमुनाही मिळेल. दार लावून अर्धा-एक तास थांबा, त्याहून जास्त नाही.

मग पोट बघा. उभं असताना मागच्या पायांच्या जरा पुढे, खालून हलक्या बोटांनी. मऊ लागलं तर ठीक. लिंबा-संत्र्यासारखा कडक, गच्च गोळा लागला, तर मूत्राशय तुंबलंय. दाबून शू काढायचा प्रयत्न करू नका, मूत्राशय फुटू शकतं.

थेंबही नाही, किंवा गोळा कडक, किंवा उलटी, किंवा कोपऱ्यात लोळागोळा होऊन पडणं: यांतलं एकही असेल तर सकाळची वाट बघायची नाही. निघण्याआधी फोन करा आणि 'बोक्याची लघवी अडकली आहे, कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालायची सोय आहे का?' हेच विचारा. सगळ्या दवाखान्यांत रात्री ती सोय नसते. ठाण्यात नाही मिळाली तर मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला (प्राण्यांच्या दवाखान्याला) फोन लावा.

सह्याद्रीचा_वारा | ९:३८

एवढं घाबरवू नका हो ताईंना. उन्हाळी लागली असेल. जवाचं पाणी सिरिंजने पाजा, माणसांच्या मुतखड्याच्या आयुर्वेदिक गोळीची पाव गोळी द्या. दुखत असेल तर क्रोसिनचे दोन थेंब.

पशुवैद्य_निवृत्त | ९:४१

क्रोसिनचा अर्धा थेंबही नाही! क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. ते निकामी करणारी यकृतातली प्रक्रिया मांजरात जवळजवळ नसतेच. रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या तपकिरी-राखाडी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. एका गोळीत मांजर मेल्याची उदाहरणं आहेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसुद्धा नाही.

जवाचं पाणी विषारी नाही, पण मार्ग बंद असताना जबरदस्तीने पाणी पाजणं म्हणजे बूच लावलेल्या बाटलीत आणखी पाणी ओतणं. लघवी वाढवणाऱ्या गोळीचंही तेच. पाणी वाढवायचंच आहे, पण मार्ग मोकळा आहे हे कळल्यावर.

ठाणेकरीण | १०:२४

रिकाम्या ट्रेमध्ये तीनदा बसला. एकदा साधारण चमचाभर, गुलाबी. दोनदा काही नाही. बसल्यावर ओरडला. पोटात लिंबाएवढा गोळा लागतोय, पण अगदी कडक आहे का ते कळत नाही. उलटी नाही.

मांजरवेडी | १०:२७

अर्धवट तुंबलेला समजा आणि निघा. चमचाभर आली म्हणून निर्धास्त होऊ नका, अर्धवटचा पूर्ण व्हायला काही तास पुरतात. कॅरिअरमध्ये जुना टॉवेल घाला, वरून चादर टाका. ती चमचाभर लघवी स्वच्छ, कोरड्या डबीत घेऊन वर वेळ लिहा. फ्रीजमध्ये ठेवू नका, थंड झाली की मुळात नसलेले स्फटिकही तयार होतात आणि रिपोर्ट फसवतो. निघताना काही भरवू नका, भूल द्यावी लागू शकते.

ठाणेकरीण | बुधवार, दुपारी १:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्ण तुंबला नव्हता, मूत्राशय मात्र बरंच भरलेलं होतं. दुखण्यावर इंजेक्शन दिल्यावर रात्री स्वतःच भरपूर शू केली, कॅथेटर लागला नाही. सोनोग्राफीत खडा नाही, मूत्राशयाची भिंत सुजून जाड झालीय, थोडा गाळ आहे. लघवीचा सामू ७.५, विशिष्ट गुरुत्व (लघवी किती घट्ट ते) १.०५२, रक्तपेशी भरपूर, स्ट्रुव्हाइट (एक प्रकारचा क्षार) स्फटिक थोडे, जिवाणू दिसले नाहीत. रक्ततपासणी नॉर्मल. पाच दिवस वेदनाशामक औषध आणि लघवीच्या आजारासाठीचं खास खाणं दिलंय.

प्रश्न: (१) अँटिबायोटिक दिलं नाही, मागून घेऊ का? (२) स्फटिक आहेत म्हणजे मुतखडा होणारच का? (३) खास खाणं चिंगीनेही खाल्लं तर चालेल का? ती त्याच्याच वाडग्यात तोंड घालते.

पशुवैद्य_निवृत्त | दुपारी २:३०

१. नको. दहा वर्षांखालच्या मांजरांत या त्रासामागे जिवाणू क्वचितच असतात. याला मूत्राशयाचा अकारण दाह म्हणतात. तपासणीत कारण सापडत नाही म्हणून 'अकारण', एरवी ताण आणि घट्ट लघवी ही दोन कारणं बहुतेकदा समोरच उभी असतात. पिल्लू, बदललेलं लिटर, मशीनचा आवाज: तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच सगळं आहे. घरच्यांचं मत अर्धं बरोबर म्हणायचं. कारण चिंगी असू शकते, पण तो राग काढत नव्हता. ट्रेमध्ये बसलं की दुखतं, म्हणून दुखणार नाही अशी मऊ जागा शोधत होता.

२. थोडे स्ट्रुव्हाइट स्फटिक निरोगी मांजराच्या लघवीतही सापडतात. रिपोर्टमधला मला खटकलेला आकडा १.०५२ हा आहे. निरोगी मांजराची लघवी घट्टच असते, पण हा त्रास झालेल्या बोक्यात ती १.०३५ च्या खाली आणायची. म्हणजे सगळा खेळ पाण्याचा.

३. नाही. ते खाणं लघवी आम्लधर्मी करतं, वाढत्या पिल्लासाठी नसतं. उलट बंड्यानेही पिल्लाचं खाणं खायचं नाही. आधीच पाच किलोच्या वर आहे.

मांजरवेडी | दुपारी ३:०५

पाण्याचा हिशेब मांडते, कारण 'भरपूर पाणी पाजा' म्हटलं की लोक वाडगा मोठा आणतात आणि थांबतात.

मांजराला किलोमागे दिवसाला साधारण ५० मिली पाणी लागतं, खाण्यातलं धरून. बंड्याला २८० मिली. कोरड्या खाण्यात जेमतेम ८ ते १० टक्के पाणी असतं, ७० ग्रॅममधून ६-७ मिली. बाकीचं तो वाडग्यातून पिणं अवघड. पाऊचमधल्या ओल्या खाण्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं, म्हणजे ८५ ग्रॅमच्या एका पाऊचमधून ६५ मिली.

डॉक्टरांनी दिलेलं खाणं ओल्या प्रकारात मिळतं का ते विचारा. मिळालं तर दिवसाला दोन पाऊच आणि २५ ग्रॅम कोरडं, असे तीन भाग. प्रत्येक भागात दोन मोठे चमचे कोमट पाणी कालवा. पाऊचमधून १३० आणि कालवलेलं ९०, म्हणजे २२० मिली पोटात गेलं. उरलेलं तो पिईल. (ग्रॅम डॉक्टरांकडून पक्के करून घ्या, पाऊचगणिक उष्मांक बदलतात.)

एकदम बदलू नका. सात ते दहा दिवस जुन्यात नवं मिसळत न्या. आणि 'भूक लागली की खाईल' हा हट्ट मांजराशी करायचा नाही. जाड मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून नवंच दुखणं उभं राहतं.

दोघांची ताटं वेगळ्या खोल्यांत, दार लावून. वीस मिनिटांनी उरलंसुरलं उचलायचं. दिवसभर वाडगा भरलेला ठेवायची सवय मोडावी लागेल, दुसरा इलाज नाही.

गिरगावकर_काका | दुपारी ४:१२

सुकट घातली की सगळी मांजरं आवडीने खातात, मग पाणीही पितात. ती चालेल का? आणि चिकनचं सूप?

मांजरवेडी | दुपारी ४:२०

काका, सुकट-बोंबील खारट असतात आणि खास खाणं चालू असताना वरचा खाऊ म्हणजे त्या खाण्यावर पाणी फेरणं. बिनमिठाचं, कांदा-लसणाशिवाय उकडलेल्या चिकनचं पाणी डॉक्टरांना विचारून दोन चमचे चालेल. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, सूपात शिजवून गाळून घेतले तरी. दूध नकोच, मोठ्या मांजरांना बहुधा पचत नाही.

चौथा_मजला | रात्री ८:४०

लिटर आणि गादीचं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

दोन मांजरांना तीन बॉक्स, तेही वेगवेगळ्या जागी. तिन्ही एका रांगेत ठेवले तर मांजराच्या लेखी तो एकच. ड्राय बाल्कनीतला राहू द्या, पण मशीनपासून हलवा. मशीन पिळायला लागलं आणि मांजर नेमकं आत असलं की ती जागा त्याच्या मनातून उतरते. दुसरा हॉलच्या कोपऱ्यात, तिसरा चिंगीच्या खोलीत.

बाजारातले ट्रे बहुतेक लहान असतात. बॉक्सची लांबी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या अंगाच्या दीडपट हवी. कपडे ठेवायचा प्लास्टिकचा डबा घ्या, निदान ६० बाय ४० सेंमी, झाकण नको. एका बाजूची कड कापून आत जायची उंची १२ सेंमी ठेवा, चिंगीसाठी त्याहून कमी. लिटर बिनवासाचं, बारीक दाण्याचं, गोळा होणारं बेंटोनाइट (चिकणमातीचं), थर ५ ते ७ सेंमी. लॅव्हेंडर आपल्या नाकासाठी असतं. मांजराचं नाक कितीतरी तिखट, आणि ते थेट त्यातच बसतं. सकाळ-संध्याकाळ गोळे काढले तर वास येत नाही.

गादी: डाग ताजा असेल तर दाबून टिपून घ्या, घासू नका. गार पाणी मारून पुन्हा टिपा. मग पाळीव प्राण्यांसाठीचं एन्झाइम क्लीनर डाग जिथवर मुरलाय तिथवर पोचेल इतकं ओता, बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं ठेवा आणि वाऱ्यावर वाळवा. लघवीतले युरिक आम्लाचे स्फटिक पाण्या-साबणाने जात नाहीत, दमट हवेत वास परत उठतो तो त्यांचा. पावसाळ्यात तर हमखास. ब्लीच मारू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो. अमोनियावाल्या क्लीनरने मांजराला 'इथेच करतात' असा निरोप जातो. तोवर गादीवर रेक्झिनचं कव्हर घाला.

फिनाईल आजपासून बंद. फिनॉल मांजराला झेपत नाही, पंजाला लागलेलं ते चाटून पोटात घेतं. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकं, डेटॉलसकट, त्याच पंगतीतली. लादीला सौम्य साबणाचं पाणी आणि नंतर साधं पाणी पुरे.

ठाणेकरीण | गुरुवार, सकाळी १०:०५

कालपासून चार वेळा शू, त्यांतले दोन गोळे मुठीएवढे. गुलाबी रंग गेला. चिंगीला आता पुन्हा वेगळ्या खोलीत ठेवायचं का? तीन आठवडे एकत्र राहिल्यावर अर्थ आहे का?

मांजरवेडी | सकाळी १०:४०

अर्थ आहे, पहिल्यापासून ओळख करून द्यायची. आठ-दहा दिवस चिंगी बंद खोलीत, तिचं सगळं तिथेच. एकाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं दुसऱ्याच्या बिछान्याजवळ ठेवा. जेवण बंद दाराच्या दोन्ही बाजूंना, रोज वाडगे थोडे दाराजवळ. दोघं फिसकारल्याशिवाय खायला लागली की दाराऐवजी जाळी. त्यानंतर रोज दहा मिनिटं समोरासमोर, दोरीची काठी घेऊन खेळवत. बंड्याला चिंगी चढू शकणार नाही अशी उंच जागा हवी, कपाटाच्या माथ्यावर जुनी गोधडी टाकली तरी भागतं.

पशुवैद्य_निवृत्त | सकाळी ११:१५

हा त्रास साधारण आठवड्यात ओसरतो, पण परत येतो, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत. वेदनाशामक पाचही दिवस द्या, बरा दिसला म्हणून थांबवू नका. पंधरा दिवस रोज किती गोळे आणि केवढे हे कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन आठवड्यांनी लघवी पुन्हा तपासा, नमुना घरून नेणार असाल तर तासाभराच्या आत.

दोन मांजरं असताना गोळा कोणाचा हे कळत नाही. चिंगी वेगळ्या खोलीत आहे तोवर हिशेब सोपा आहे, तेवढ्यात बंड्याचं नेहमीचं माप डोळ्यांत बसवून घ्या.

ठाणेकरीण | सकाळी ११:३२

लिहायला घेतलं. प्लास्टिकचा डबा कापलाय, पण कापलेली कड धारदार राहिलीय. काय लावू?

चौथा_मजला | सकाळी ११:३६

आधी बारीक पॉलिश पेपरने घासा. मग बागेतल्या पाण्याच्या पाइपचा तुकडा लांबीत उभा चिरून कडेवर बसवा. चिकटपट्टी नको, चिंगी ओढून खाईल.