जादूच्या प्रयोगात गमतीशीर प्राणी कुठला घ्यावा? स्प्रिंगवालं जनावर, स्पंजचे ससे की खेळातला पत्ता शोधणारं बदक?

छडी_आणि_खडू
नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यात जि. प. शाळेत शिकवते. आनंददायी शनिवार सुरू झाल्यापासून मुलांना थोडी थोडी जादू दाखवतेय, दोरी, रुमाल, आपोआप रंग भरणारं चित्रांचं पुस्तक वगैरे, मुलांना भयंकर आवडतं आणि आता आजूबाजूच्या शाळाही बोलवायला लागल्यात, शिवाय गणपतीत आमच्या गावच्या मंडळाने अर्धा तास दिलाय.

आता मला एक प्राणी पाहिजे. म्हणजे असा की मुलं पोट धरून हसतील. व्हिडिओत बघितलं, तो स्प्रिंगचा झुपकेदार शेपटीवाला रॅकून असतो ना, जादूगाराच्या हातातून उड्या मारतो, ते बघून वेड लागलं. पण दुकानात स्पंजचे ससे, लाकडी ससे, चोचीने पत्ता काढणारं बदक, डब्यातून उडणारा साप, रबरी कोंबडी असं काय काय आहे. बजेट तीन हजार. मुलं पहिली ते पाचवीची, शाळेत पन्नास-साठ, गणपतीत मंडपात दीडशे तरी खाली बसलेली असतील आणि मागे आईवडील. काय घेऊ? आणि घेतल्यावर ते जिवंत वाटायला नेमकं काय करायचं?

पडद्यामागचा_नाना
ताई, आधी प्राणी नाही, आधी शेवटची रांग बघा. स्पंजचे ससे अप्रतिम आहेत, एका मुलाच्या मुठीत दोन ससे दिले आणि मूठ उघडल्यावर पिल्लंच पिल्लं सांडली की त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो, पण तो आनंद वर्गातला आहे, वीस-तीस मुलं जवळ घेऊन बसलात तर. मंडपात दीडशे जणांपुढे ते ससे म्हणजे लाल ठिपके. वर्गासाठी जरूर घ्या, स्वस्त असतात, पर्समध्ये मावतात. मंडपासाठी स्प्रिंगवालंच.

पण रॅकून म्हणून दाखवू नका हो. आपल्या पोरांनी रॅकून कुठे बघितलाय? अमेरिकन जादूगार डेव्हिड विल्यमसनचं रॅकूनचं रुटीन जगभर गाजलं कारण अमेरिकेत तो प्राणी रोजच्या बघण्यातला आहे, रात्री येऊन कचऱ्याचे डबे उचकटणारा चोर, त्यामुळे तो बाहेर आला की लोकांना त्याचा स्वभाव आधीच माहीत असतो. आपल्याकडे तोच स्वभाव कुणाचा? मुंगसाचा! लबाड, चपळ, दिसतं न दिसतं तोवर गायब. राखाडी-तपकिरी रंगाचं, लांब शेपटीचं, तोंडावर काळा पट्टा नसलेलं घ्या आणि मुंगूस म्हणून आणा.

आणि तुमच्याकडे तयार पॅटर, म्हणजे जादू करताना बोलायचं बोलणं, आहे! "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ" हे खेड्यातल्या पोरांना अजून पाठ आहे. टोपलीत मुंगूस ठेवा, फक्त शेपटी बाहेर. दीडशे पोरांनी एका सुरात शपथ घातली की हळूच नाक बाहेर. पोरं ओरडली की परत आत. तीनदा. चौथ्या वेळी शेपटी पण गायब, आणि ते तुमच्या पदराच्या मागून डोकावतंय. यात जादू किती आहे आणि नाटक किती आहे बघा, पण लोक घरी जाऊन हेच सांगणार.

रस्त्यावरचे गारुडी आठवतात का? मुंगूस खुंटीला बांधलेलं, साप टोपलीत, आणि "आत्ता लढाई लावतो, आत्ता लावतो" करत तासभर गर्दी धरून ठेवायची, मग ताईत विकायचे आणि लढाई काही व्हायची नाही. मागे बसलेल्या आजोबांना हे सगळं माहीत आहे. तुम्ही लढाईची घोषणा करा, हलगी वाजवायला लावा, आणि मुंगूस घाबरून तुमच्या कुशीत तोंड लपवतंय. आजोबा पोरांपेक्षा जास्त हसतात.

पकड कशी, उडी कशी, ते इथे उघड्यावर लिहीत नाही, मेसेज करा.

एक सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. माइक. स्प्रिंगच्या जनावराला दोन्ही हात लागतात, एका हाताने धरायचं आणि दुसऱ्या हाताने गोंजारायचं. मंडळवाले हातात धरायचा माइक देतात. कॉलरचा किंवा डोक्याला लावायचा माइक आहे का ते आधी विचारा, नसेल तर स्टँड तरी मागा, नाहीतर हे रुटीन उभंच राहणार नाही.

कोकणी_झोळी
नानांना पूर्ण अनुमोदन. मी रत्नागिरीकडे कार्यक्रम करतो त्यामुळे बाकीच्या प्राण्यांबद्दल बोलतो.

डब्यातला साप: खेड्यात जपून!! शहरात पोरं खदखदा हसतात पण आमच्या भागात, तुमच्याकडेही ऊसपट्टा आहेच, समोर बसलेल्या एखाद्या मुलाच्या घरात सर्पदंश झालेला असू शकतो. मी कार्यक्रमाआधी शिक्षकांना विचारतो. हो म्हणाले तर डबा बॅगेतच राहतो. आणि करायचाच तर डब्याचं तोंड वर आणि स्वतःकडे, मुलांकडे कधीच नाही, स्प्रिंग जोरात सुटते आणि डोळ्याला लागू शकते. घाबरायचं काम तुमचं, मुलांनी तुमच्या घाबरण्यावर हसायचं.

रबरी कोंबडी: पाश्चात्त्य विनोदात तिची जुनी परंपरा आहे, इथे तिला संदर्भच नाही, सोललेली कोंबडी बघून पोरं गोंधळतात. आणि गणपतीच्या मांडवात, बाप्पासमोर, नका हो. श्रावणात, चतुर्थीला, लोकांना खटकतं आणि खटकायलाच पाहिजे. त्याऐवजी उंदीर घ्या ना. छोटा फरचा उंदीर हातावरून पळणारा असतो, तो मोदक पळवतो, तुम्ही मोदक शोधताय आणि तो तुमच्या खांद्यावर. मांडवात उंदराला जो मान आहे तो जगातल्या कुठल्या रंगमंचावर मिळणार नाही.

मेंटेनन्सचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. स्प्रिंगचं जनावर दाबून डब्यात ठेवून देऊ नका, स्प्रिंग बसते आणि मग उडीच मरते. प्रयोग झाला की मोकळं करून लांब ठेवायचं. पावसाळ्यात फरला बुरशीचा वास येतो, कोरड्या ब्रशने विंचरायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, सावलीत वाळवायचं, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. स्पंजचे ससे कालांतराने चिकट होतात, भुगा सुटतो, मग लगेच बदला, मुलांच्या हातात तसले देऊ नका.

आणि फर नकली आहे ना हे दुकानदाराला विचारून घ्या. मुंगसाच्या खऱ्या केसांचा बेकायदा धंदा चालतो आपल्या देशात, रंगवायच्या ब्रशसाठी मारतात बिचाऱ्यांना, आणि मुंगूस वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं. प्लशचं, म्हणजे मऊ नकली फरचं, जनावर डोळ्यांना तितकंच गोड दिसतं.

बोलका_बाहुला
मी जादूगार नाही, शब्दभ्रम करतो, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करतो, पण "जिवंत कसं वाटेल" हा आमच्या घरचाच प्रश्न आहे म्हणून लिहितो.

लोक सगळ्यात जास्त हलवण्यावर मेहनत घेतात, सतत हलवत राहतात, आणि तिथेच ते खेळणं होऊन जातं. खरं जनावर बराच वेळ स्थिर असतं. ऐकतं, वास घेतं, मान वळवतं, मग एकदम झेप. तुमच्या मुंगसाला आधी श्वास द्या, पोटाजवळचा हात अगदी किंचित वर-खाली, बास. मग कुठलातरी आवाज होतो, पोर शिंकतं, कुणी खुर्ची ओढते, लगेच मुंगसाचं डोकं तिकडे. हे पाठ करून येत नाही, समोर जे होतंय त्याला उत्तर द्यायचं असतं. त्या एका क्षणात सगळा मांडव मानतो की ते ऐकतंय.

दुसरं म्हणजे तुमची नजर. प्रेक्षक तुम्ही जिथे बघता तिथे बघतात, हे जादूतही आहेच. तुम्ही मुंगसाकडे बघून बोललात, उत्तराची वाट बघितलीत, तर लोकही वाट बघतात. तुम्ही प्रेक्षकांकडे बघत बोललात आणि हात नुसता हलत राहिला की खेळ संपला.

रामदास पाध्यांचा लिज्जत पापडवाला ससा आठवा, तो बाहुलाच होता पण त्या हसण्याला एक माणूस होता, खोडकर, खादाड, स्वतःवर खूश, म्हणून वर्षानुवर्षं लोकांना पापडाआधी ससा आठवतो. त्यांचा अर्धवटराव हा बाहुला तर त्याच्याही आधीचा, पाध्यांच्या वडिलांच्या काळापासूनचा. म्हणून तुमच्या मुंगसाचं नाव ठेवा, त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, तुमच्याशी कशावरून भांडतं, हे एका कागदावर लिहून काढा. शाळेतल्या मुंगसाला पाढे आवडत नाहीत, बरोबर? मग सातच्या पाढ्याला ते टोपलीत परत.

आणि आरशासमोर सराव करू नका, आरशात आपण आपल्यालाच बघतो. मोबाइल जमिनीवर, बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि रेकॉर्ड करा. खालून हाताखालचं सगळं दिसतं ते तेव्हा कळेल.

छडी_आणि_खडू
काय सांगू, शपथेचं वाचून अंगावर काटा आला, आम्ही लहानपणी शेताच्या बांधावर म्हणायचो ते. नाव "बंड्या" ठरलं पण.

दोन प्रश्न अजून. मंडळाचे एक काका मागे लागलेत की खरा ससा आणा, त्यांच्या ओळखीत कुणाकडे आहे, टोपीतून काढा म्हणे. आणि ते बदक मला फार आवडलंय, पण शाळेत पत्ते न्यायचे का? हेडसर काय म्हणतील?

नियम_आणि_नजरबंदी
खऱ्या सशाला स्पष्ट नाही म्हणा. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि त्याखाली २००१ चे परफॉर्मिंग अॅनिमल्सचे नोंदणी नियम आहेत, प्रयोगात प्राणी वापरायचा तर प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. कुणाच्या तरी घरचा ससा उचलून टोपीत घालता येत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी सशाचा स्वभाव बघा, तो मुळात भित्रा, सतत कान टवकारून असणारा प्राणी, ढोल-ताशाच्या आवाजात, दीडशे पोरं ओरडताहेत, त्याला कान धरून वर उचलायचं, हा क्रूरपणा आहे. काकांना सांगा ससा येणार, पण आमचा.

लाकडी सशांचा एक जुना खेळ आहे, एक पांढरा एक काळा, वर झाकणं ठेवली की जागा बदलतात, पोरांना वाटतं बाईंनी नुसते उलटे फिरवलेत, सगळी "फिरवा फिरवा" म्हणून किंचाळतात, आणि शेवटी फिरवले तर मागे एक लाल आणि एक पिवळा! आवाजाच्या बाबतीत याला तोड नाही.

बदकाचं म्हणाल तर माझं सगळ्यात लाडकं प्रॉप. मान खाली घालून, चोच मारून, मुलाने मनात धरलेला पत्ता बाहेर काढतं, आणि आधी दोनदा चुकीचा काढतं तेव्हा जो हशा येतो! पण शाळेत बदाम-किलवर नकोच. पत्ते म्हटलं की पालकांना जुगार आठवतो, आणि पहिलीच्या मुलाला इस्पिक चौकट माहीतही नसतं, मग तो निवडलेला पत्ता विसरतो आणि सगळी मजा जाते. त्याच मापाची चित्रकार्डं करून घ्या, आंबा, मोर, छत्री, बैलगाडी. किंवा मुळाक्षरं. तुम्ही शिक्षिका आहात, बदक अक्षर शोधतंय हे तर शाळेत कायमचं चालेल. फक्त कार्डाची जाडी आणि गुळगुळीतपणा मूळ पत्त्यांसारखाच ठेवा, लॅमिनेशन केलेली जाड कार्डं चोचीत अडकतात.

पडद्यामागचा_नाना
लाकडी सशांबद्दल माझं मत वेगळं आहे. खेळ जुना, उत्तम, पण त्यात जादूगार पोरांना फसवतो आणि शेवटी "बघा, तुम्ही चुकलात" असं होतं. चांगल्या हातात ते गोड होतं, मान्य. पण पहिली-दुसरीची काही मुलं खरंच हिरमुसतात. मला वाटतं गमतीशीर प्राण्याची सगळी ताकद यात आहे की तो मोठ्या माणसाला हरवतो. बाई नियम करतात, बंड्या मोडतो. बाई शोधतात, पोरांना आधी दिसतो. पोरं प्राण्याच्या बाजूने असतात, आणि वर्गातल्या सगळ्यात गप्प पोरालाही त्या दिवशी बाईंच्या आधी काहीतरी कळलेलं असतं.

नियम_आणि_नजरबंदी
नाना, पटलं. मग फिरवायचं काम मुलांपैकीच एकाला स्टेजवर बोलावून त्याच्या हातून करायचं, लाल-पिवळा रंग त्याला आधी दिसतो आणि बाईंनाच धक्का बसतो. मी आता असंच करून बघणार.

कोकणी_झोळी
ताई, कपड्यांचं सांगायचं राहिलं. बंड्या तपकिरी असेल तर तपकिरी, काळी, गडद साडी नको, मागचा पडदाही गडद असला तर मागच्या रांगेला प्राणी दिसतच नाही, नुसते हात हलताना दिसतात. फिकट पिवळी किंवा आकाशी नेसा. आणि पदर नानांनी सांगितलेल्या डोकावण्यासाठी लागणार आहे तर पिन लावून पक्का करा.

अगदी लहान, अंगणवाडीतली पोरं पुढे बसली असतील तर बंड्याची पहिली उडी त्यांच्यापासून लांब, मागच्या बाजूला घ्या. आधी एका धीट मुलीला शेपटीला हात लावू द्या. ती हसली की बाकीची सरकत पुढे येतात.

छडी_आणि_खडू
ठरलं मग. मंडपासाठी मुंगूस आणि मोदकवाला उंदीर, वर्गासाठी स्पंजचे ससे, बदक दिवाळीनंतर पगारातून. चित्रकार्डं चौथीच्या मुलांकडूनच काढून घेते, म्हणजे बदक त्यांचीच चित्रं शोधेल. काकांना माइकचं सांगितलं, कॉलरचा मिळतोय. नाना, पकडीसाठी मेसेज केलाय, वेळ मिळाला की बघा.

पडद्यामागचा_नाना
बघितला. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करू, हातात पायमोजा घालून बसा, प्राणी येईपर्यंत त्यावरच सराव. आणि कॉलर माइक साडीच्या काठावर लावू नका, बंड्याची शेपटी त्यावर घासली की स्पीकरमधून खरखर येते, उलट्या खांद्याला लावा.