तातडीची मदत हवी: मुलगा 18 चा होतोय, बालगृह सोडायला सांगतायत

शनिवारची_ताई:
मी एका बालगृहात शनिवारी गणित शिकवते. तिथला एक मुलगा पुढच्या महिन्यात 18 पूर्ण करतोय. अधीक्षक म्हणतात, 'आता ठेवता येणार नाही.' बारावी तोंडावर आलीये! कुणाला माहिती असेल तर लवकर सांगा. 'गूगल करा' नको, करून झालंय.

कडू_कारलं:
आई-वडील आहेत का? अनाथ प्रमाणपत्र काढलंय? काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

पाटी_पेन्सिल:
बाल संगोपन योजनेत नाव घाला. आमच्या शेजारच्या मुलांना मिळतात पैसे.

कडू_कारलं:
अहो, ती 18 पर्यंतच. इथे प्रश्नच 18 नंतरचा आहे.

जुना_फिटर:
बारावी राहू द्या, आयटीआयला घाला. हातात कसब असलं की कुणाचे उंबरे झिजवावे लागत नाहीत.

दुपारची_झोप:
दत्तक घ्यायचं असेल तर कारावर, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, नोंदणी करा. पण फार थांबावं लागतं.

शनिवारची_ताई:
दत्तक कुठून आलं मध्येच??

खोली_नं_9:
मी बालगृहातच वाढलोय. अधीक्षकांचं अर्धंच खरं. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अनुरक्षण आहे, म्हणजे 18 नंतर संस्था सोडणाऱ्यांना आधार, 21 पर्यंत. अपवाद म्हणून 23 पर्यंतही वाढवता येतं. अनुरक्षण गृहात राहता येतं, नाहीतर केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना 4000. वाढदिवस उलटायच्या आत बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष, दोघांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बँकेतही जा. 18 झाले की खात्याचं केवायसी नव्याने करावं लागतं. माझं तिथेच अडलं होतं, आधारवर पत्ता संस्थेचा आणि मी संस्थेबाहेर.

कडू_कारलं:
4000 मध्ये खोली मिळते?

जुना_फिटर:
म्हणून तर आयटीआय म्हणतोय.

शनिवारची_ताई:
आई आहे. तिने दुसरं लग्न केलंय, तो तिच्याकडे जाणार नाही म्हणतो.

कडू_कारलं:
हे पहिल्या ओळीत नको का लिहायला! मग अनाथांचं 1 टक्का आरक्षण विसरा.

खोली_नं_9:
आरक्षण नाही, पण अनुरक्षणाला अनाथच असावं लागतं असं नाही. आणि ताई, अनुरक्षण गृह की खोली, हे त्याला विचारलंत का? मी हट्टाने खोली घेतली आणि महिनाभर दिवा चालू ठेवून झोपलो. आधी चाळीस जण असायचे ना शेजारी.

शनिवारची_ताई:
नाही विचारलं. शनिवारपर्यंत थांबत नाही, उद्याच जाते.

पाटी_पेन्सिल:
बाल संगोपनचा फॉर्म आहे माझ्याकडे. हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.