मदत हवी आहे: एमबीए पहिलं वर्ष, रोजचं अप-डाऊन आणि 3,600 चा फरक

निंभोरा-जळगाव:

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचत होतो, आज अडलो म्हणून लिहितोय.

बीएस्सी करून सीईटी दिली, कॅप राउंडला (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीत) जळगावचं कॉलेज मिळालं. एमबीएचं पहिलं सेमिस्टर चालू आहे. गाव रावेर तालुक्यात, निंभोरा स्टेशनपासून जवळ. घरी केळीची शेती. वडिलांचं म्हणणं, गाडीची सोय असताना रूमचं भाडं कशाला? म्हणून अप-डाऊन.

दिवस असा जातो. पावणेपाचला उठायचं. आई माझ्याआधी उठून डबा करते, त्यामुळे झोप झाली नाही हे बोलायचीही सोय नाही. भुसावळला गाडी बदलायची, जळगावला उतरून रिक्षा. साडेनऊ ते साडेचार लेक्चर. गाडी चुकली तर एसटीने सावदा, आणि तिथून मिळेल ते. घरी पोचेपर्यंत साडेसात-आठ. जेवून वही उघडली की फोन वाजतो, कारण नऊला ग्रुपचा कॉल असतो.

इथे प्रत्येक विषयात ग्रुप आहे. आमच्यात पाच जण, दोघं जळगावचेच, दोघं हॉस्टेलवर आणि मी. ते संध्याकाळी सहाला चहाच्या टपरीवर बसून पीपीटी ठरवतात, तेव्हा मी भादली ओलांडत असतो. परवा एक जण म्हणाला, "तू नावालाच आहेस ग्रुपमध्ये." लागलं ते.

दुसरं दुखणं अकाउंट्स. वर्गातली निम्मी मुलं बीकॉमची, त्यांना डेबिट-क्रेडिट तोंडपाठ. सर म्हणतात रोख आली की कॅश डेबिट. मग माझ्या पासबुकात पैसे आले की क्रेडिट का लिहून येतं? हे विचारायची हिंमत झाली नाही. सोमवारी ट्रायल बॅलन्स द्यायचा आहे, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकींचा तक्ता, ज्यात दोन्ही बाजूंची बेरीज जुळायला हवी. माझी डेबिटची बेरीज 2,41,300 आणि क्रेडिटची 2,44,900. फरक 3,600. तीन वेळा बेरीज केली, तीनदा तेवढाच.

आणि तिसरं, हे लिहायला जरा लाज वाटते. मागच्या आठवड्यात केस स्टडी होती, म्हणजे एका परदेशी कंपनीची हकीकत वाचून वर्गात चर्चा. सरांनी विचारलं, नफा वाढतोय तर या कंपनीला पगार द्यायला कर्ज का काढावं लागतंय? मला उत्तर येत होतं. आमच्याकडे दरवर्षी हेच असतं. बाग उभी, घड लागलेले, हिशोबाने आम्ही श्रीमंत, आणि खत उधारीवर. पण मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत पुण्याहून शिकून आलेला एक मुलगा उठला आणि "मार्केटिंगवर जास्त खर्च झाला असेल" म्हणून बसला. सर पुढे गेले.

रूम घ्यावी का? अकाउंट्स कुठून धरू? आणि वर्गात तोंड कसं उघडायचं? शुक्रवारी ब्लेझर घालावा लागतो, त्याची तक्रार वेगळा धागा काढून करीन.

—

रोजमेळ:

बाळा, मी जळगावात डाळ मिलमध्ये 31 वर्षं हिशोब लिहिला. आधी तुझे 3,600.

फरक आला की सगळ्यात आधी त्याला 9 ने भागायचं. 3,600 भागिले 9 बरोबर 400, बाकी शून्य. म्हणजे बहुतेक आकडे उलटे लिहिलेस. आता 900 ने भाग. 4 येतात. याचा अर्थ हजाराच्या आणि शेकड्याच्या जागचे अंक अदलाबदल झालेत आणि त्या दोन अंकांत 4 चा फरक आहे. 73 चे 37, 84 चे 48, 95 चे 59, असं काहीतरी शोध. तुझी नावेची, म्हणजे डेबिटची बाजू कमी भरतेय, म्हणून आधी नावेकडे बघ, मोठा आकडा लहान होऊन बसला असेल. तिथे नाही सापडला तर जमेकडे, म्हणजे क्रेडिटला, लहानाचा मोठा झालाय का ते बघ.

तरी नाही मिळालं तर फरकाचं निम्मं कर. 1,800 ची एखादी रक्कम नावेऐवजी जमेला गेली असेल तर फरक बरोबर दुप्पट पडतो. बेरीज चौथ्यांदा करू नकोस. चुकीचे आकडे दहा वेळा मिळवले तरी बेरीज तीच येणार.

आणि डेबिट-क्रेडिट हे शब्द आठवडाभर बाजूला ठेव. नावे आणि जमा म्हण. ट्रायल बॅलन्स म्हणजे आपली तेरीज. तुझे वडील कृषी केंद्रातून खत उधार आणतात ना? दुकानदार त्याच्या वहीत काय लिहितो? वडिलांच्या नावे. म्हणजे वडिलांकडून येणं आहे. हंगामात वडील पैसे देतात तेव्हा लिहितो, जमा. आता तोच व्यवहार तुझ्या घरच्या वहीत लिही. तिथे दुकानदाराच्या खात्यावर खत आणलं तेव्हा जमा पडेल, पैसे दिले तेव्हा नावे. व्यवहार एकच, वह्या दोन, म्हणून बाजू उलट.

पासबुकाचं कोडं इथेच सुटतं. पासबुक ही तुझी वही नाही, बँकेच्या वहीतल्या तुझ्या खात्याची नक्कल आहे. तू पैसे भरलेस की बँक तुझं देणं लागते, म्हणून तिच्या वहीत ते जमा, म्हणजे क्रेडिट. तुझ्या वहीत तेच पैसे बँक खात्याच्या नावे. पुढच्या सेमिस्टरला बँक जुळवणी करशील तेव्हा दोन्ही उतारे शेजारी ठेवून बघ, आरशात पाहिल्यासारखं दिसेल.

ही दुहेरी नोंदीची पद्धत (प्रत्येक व्यवहार एकीकडे नावे, दुसरीकडे जमा) 1494 मध्ये लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने छापून प्रसिद्ध केली. व्यापारी त्याच्या आधीपासूनच वापरत होते. पुस्तकवाले साधूचं नाव घेतात, मुनीमाचं कोणी घेत नाही.

—

डबा नंबर चार:

मी पाच वर्षं भुसावळ-जळगाव केलं, आता नाशकात नोकरी. रूमबद्दल स्पष्ट सांगतो, पूर्ण वर्षाची घेऊ नको. परीक्षेच्या आणि प्रेझेंटेशनच्या दिवसांत हॉस्टेलवाल्या मित्राकडे गादी टाक. त्याला आईच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा नेऊन दे, तो भाडं मागणार नाही.

ग्रुपचं दुखणं वेळेचं कमी, वाटणीचं जास्त आहे. सहाच्या टपरीला तू जाऊ शकत नाहीस, मग जे काम टपरीवर होत नाही ते उचल. आकडे, तक्ते, एक्सेल. हे कोणालाच नको असतं. रात्री नऊच्या कॉलला येताना तक्ता तयार असला की "नावालाच आहेस" कोण म्हणतो बघू. आणि दुपारच्या सुट्टीतली 20 मिनिटं मागून घे. डबा सोबत खाताना जे ठरतं ते टपरीवर परत ठरवत नाहीत.

गाडीत लॅपटॉप काढू नको, भुसावळपर्यंत धक्के आणि पुढे गर्दी. केस स्टडी छापून घे, पेन्सिल ठेव. जाताना वाचायचं, येताना झोपायचं. उलट केलंस तर दोन्ही होत नाहीत.

—

खरंबोल:

एवढं शिकून शेवटी बारा-पंधरा हजाराची नोकरी. त्यापेक्षा बागेत केळीची टिश्यूची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं लाव.

—

डबा नंबर चार:

@खरंबोल, बाग उभीच आहे त्यांची, धागा वाचा. केळीच्या भावाचं काय करायचं ते सांगा. बाजाराच्या बोर्डावर एक असतो, बांधावर दुसराच.

—

मागच्या बाकावरची ताई:

दोन वर्षांपूर्वी अशाच कॉलेजातून बाहेर पडले, गाव शिरपूरकडचं. घरी अहिराणी, शाळा मराठी. पहिल्या सेमिस्टरला मी एकूण चार वाक्यं बोलले असेन, त्यातलं एक "प्रेझेंट सर".

केस वाचायची पद्धत चुकली की दोन तास जातात आणि हाती काही लागत नाही. पंधरा पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू नकोस. आधी पहिलं पान आणि शेवटचा परिच्छेद. निर्णय कोणाला घ्यायचाय, कशाबद्दल, कधीपर्यंत, हे बहुतेक तिथेच असतं. मग थेट मागचे तक्ते. मग मधला मजकूर, तोही तक्त्यातल्या विचित्र आकड्याचं कारण शोधत. समासात तीन ओळी मराठीत लिही. त्याचं इंग्रजी वर्गात जाताना करता येतं, विचार गाडीत झाला पाहिजे.

वर्गात उत्तर लवकर द्यावं असं सगळ्यांना वाटतं. तसं नको. पहिली दहा मिनिटं बोलणाऱ्यांची असतात, नंतर सरांना आकडा हवा असतो. तेव्हा हात वर कर. एक आकडा आणि एक वाक्य. व्याकरणाकडे कोणी बघत नाही.

आकड्याची सवय घरच्या उदाहरणावर लाव. समज, सावद्याच्या रस्त्यावर केळीच्या वेफर्सची गाडी टाकली. जागेचं भाडं आणि पोऱ्याचा पगार मिळून महिना 12,000, विक्री होवो न होवो. वेफर्स 240 रुपये किलो विकले, तेल, केळी, गॅस, पिशवी मिळून किलोला 180 लागले. हातात 60 राहिले. 12,000 भागिले 60, म्हणजे 200 किलो विकेपर्यंत तू स्वतःसाठी नाही, भाड्या-पगारासाठी तळतोयस. याला ते ब्रेक-इव्हन म्हणतात. मी हे भजीच्या गाडीवर शिकले.

आणि तो नफा-पैसा प्रश्न परत येणारच. वर्किंग कॅपिटलच्या (रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाच्या) प्रकरणात प्रत्येक शिक्षक तो विचारतो. तयारी करून ठेव.

—

निंभोरा-जळगाव:

काका, सापडला! लाइट बिलाचे 8,400 मी खतावणीत 4,800 लिहिले होते. 84 चे 48, तुम्ही दिलेल्या यादीतलंच. रात्री साडेअकराला ओरडलो तर वडील बॅटरी घेऊन बाहेर आले, त्यांना वाटलं पाण्याची मोटार चोरीला गेली.

मग त्यांनाही पासबुकाचं सांगितलं. ते म्हणाले, "मंग बँकच आपली देणेकरी झाली म्हण की." दुसऱ्या दिवशी कृषी केंद्राची वही मागून आणली आणि दोघांनी मिळून घरच्या बाजूने लिहून काढली. खताचं एक पोतं दोनदा लिहिलं होतं. दुकानदाराने लगेच खोडलं, वर चहा पाजला.

दादा, तक्त्यांचं काम घेतलं. टपरीवाल्यांनी आनंदाने दिलं. मित्राकडे गादीचीही सोय झाली, फक्त त्याला ठेचा नको, शेवभाजीचा मसाला हवा आहे.

ताई, तुमचं खरं निघालं. काल वर्किंग कॅपिटल सुरू झालं आणि सरांनी तोच प्रश्न टाकला. मी दहा मिनिटं थांबलो, हात वर केला आणि इंग्रजीत सुरुवात करून तिसऱ्या वाक्याला मराठीत उतरलो. म्हटलं सर, आमची मृगबाग जून-जुलैला लागते, माल निघायला पुढचं वर्ष उजाडतं. रोपं, ड्रिप, खत, मजुरी यांचा पैसा बारा महिने जातो. माल कापून गेला तरी व्यापाऱ्याकडून पैसे हातात यायला आठवडे लागतात. वहीत नफा, खिशात काही नाही. म्हणून आम्ही थोडी बाग मृगाची आणि थोडी कांदेबाग ठेवतो, म्हणजे वर्षातून दोनदा पैसा येतो.

सर फळ्याकडे वळले होते, ते परत फिरले. म्हणाले, "इंटरेस्टिंग. म्हणजे तुम्ही केळीसोबत कांदाही लावता?"

सर विदर्भातले आहेत. अख्खा वर्ग हसला, रावेर-यावलची पोरं जरा जास्तच. मग पाच मिनिटं फळ्यापाशी उभा राहून कांदेबागेत कांदा नसतो, ऑक्टोबरच्या आसपास लावलेल्या केळीला तसं म्हणतात, हे मी समजावून सांगत होतो.